विजूची मंगलाष्टकं

विजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिफ्टवरून भांडत होते. सकाळचे साडेनऊ. फोन शनिवार पेठेतून, विजूच्या खालच्या मजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या लताचा. "काकू, विजूताई आज उठल्याच नाहीत हो..." एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. मी बिबवेवाडीतल्या आमच्या बाल्कनीत फोन कानाला लावून उभी. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते आज सहा आठवड्यांनी मी इथे लिहिणार आहे, कारण ते लिहायचं नसेल तर या लेखाला काही अर्थच नाही. मला वाटलं, सुटले, आता विजूला केतकीचं सांगायला नको. चाळीस वर्षांची मैत्रीण गेली आणि मला हायसं वाटलं. क्षणभरच वाटलं, पण वाटलं.

केतकी माझी मुलगी. तिचं लग्न मोडलं, त्याला आता वर्ष होत आलं. भांडणतंटा नाही, मारहाण नाही, दोघांनी समजुतीनं कागद केले आणि ती हडपसरला ऑफिसजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. आमच्या सोसायटीत मी सांगितलं, "रोजचं जाणंयेणं फार होतं हो, म्हणून तिकडे राहते." जावई कुठे असतात असं कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तर त्याचंही उत्तर मी तयार ठेवलं होतं. तिच्या त्या फ्लॅटवर मी एकदाही गेले नव्हते. गुडघे दुखतात म्हणायची. दुखतात हे खरंच आहे, पण त्याच गुडघ्यांनी मी दर महिन्याला भिशीला तीन मजले चढून जाते. लोकांना सांगायची लाज वाटत होती, ते एक वेळ समजू शकते. पण विजूला? जिला नवऱ्यानं टाकलं, त्या बाईसमोर माझ्या मुलीचं लग्न मोडलं हे सांगायला माझी जीभ का उचलत नव्हती? कारण केतकीच्या लग्नात मी विजूशी जे वागले होते ते मला पुरतं ठाऊक होतं. तिची माफी मागायची राहिली होती. आधी माफी, मग बाकीचं, असा हिशेब घालून मी माफी सात वर्षं टाळली आणि केतकीचं वर्षभर.

विजू आणि मी एका विमा कंपनीच्या ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर कारकून म्हणून लागलो. ती सव्वीस वर्षांची, मी तिच्याहून वर्षाने लहान. लग्न होऊन आठ महिन्यांत तिचा नवरा "नव्या नोकरीचं बघून येतो" म्हणून गेला तो गेलाच. पुढे कळलं, दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसलाय. विजू शनिवार पेठेत आईच्या दोन खोल्यांत परत आली. घटस्फोट तिनं मागितला नाही, त्यानं दिला नाही. कुठलाही फॉर्म भरायला आला की ती पेन थांबवून म्हणायची, "शैले, मी कुठल्या चौकोनात बसते गं? विवाहित म्हणावं तर नवरा नाही, नाही म्हणावं तर मंगळसूत्र आहे ट्रंकेत." आम्ही हसायचो. पण दुपारी तिचं टेबल रिकामं असायचं. ती रेकॉर्डरूममध्ये जाऊन फायलींच्या लोखंडी घोड्यांमागे रडत बसते हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तिकडे फिरकत नव्हतं. मीसुद्धा नाही. तोंड धुऊन आली की मी आपली तिला डब्यातली भाजी वाढायची.

एक दिवस साहेबांना फाईल हवी होती म्हणून मी तिकडे गेले, तर ही बाई भिंतीकडे तोंड करून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत काहीतरी पुटपुटत होती. म्हटलं, झालं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. "विजू, काय करतेस?" तिनं हात वर करून मला गप्प केलं, पेरं मोजून संपवली आणि मग म्हणाली, "एक अक्षर जास्त होतंय." आमच्या टायपिस्ट मुलीचं लग्न ठरलं होतं. तिला घरच्यांची नावं गुंफलेली मंगलाष्टकं हवी होती आणि विजूनं हौसेनं अंगावर घेतली होती. शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक कुठून तरी पैदा केलं होतं. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, लघु कुठे नि गुरू कुठे ते सगळं ठरलेलं. मला ते बघूनच कंटाळा आला. मी म्हटलं, "कशाला हा उपद्व्याप? आणि तुला... त्रास नाही होत, लग्नाचं लिहायला?" तेव्हा ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "अगं, अक्षरं मोजताना रडता येत नाही. दोन्ही कामं एकदम होतच नाहीत. तू करून बघ." त्यानंतर रेकॉर्डरूममध्ये ती जायची ती मोजायला. रडणं बंद झालं असं मी म्हणणार नाही, पण त्याला आता शिस्त आली.

पुढची तीस-पस्तीस वर्षं विजूची मंगलाष्टकं म्हणजे एक प्रस्थ झालं. ओळखीतून ओळख निघायची आणि ऑफिसच्या फोनवर कुणी वधूपिता अदबीनं विचारायचे, "आपणच का त्या मंगलाष्टकं करून देणाऱ्या?" तिची पद्धत अगदी तिची होती. मुलीचं शिक्षण, मुलाचा हुद्दा, घराण्याचं मूळ गाव वगैरे लोक सांगायला लागले की ती मध्येच तोडायची. "ते पत्रिकेत छापा. घरात मुलीला काय हाक मारता? सकाळी पहिलं कोण उठतं? आणि भांडण कशावरून होतं ते सांगा. प्रेम मी घालते." लोक आधी दचकायचे, मग सांगत सुटायचे. एका कडक मास्तरांनी तिला सांगितलं होतं की मुलगी रुसली की पाण्याच्या टाकीवर जाऊन बसते आणि मी खाली उभा राहून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ते विजूनं ओळीत बसवलं. मंडपात मास्तर सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. या कामाचं ती काही घेत नसे. फक्त बुंदीचा एक लाडू घरी आला पाहिजे, आणि तो आला नाही तर ती फोन करून मागायची, "लाडू विसरलात का हो?"

मी एकदा तिला चिडवलं होतं, की इतकी लग्नं लावलीस, दुसऱ्यांच्या पंक्तीत किती दिवस वाढत राहणार? चिडवणं कसलं, खोचकच बोलले होते. ती चिडली नाही. म्हणाली, "मी नुसती वाढत नाही गं. ज्यांचं लिहिते त्यांच्या घरात आठ-दहा दिवस राहून येते. पडदे निवडते, ओट्याची उंची बघते, सासूशी भांडतेसुद्धा. तिथला नवरा संध्याकाळी घरी परत येतो. रोज येतो. मग ओळी पुऱ्या झाल्या की माझी चप्पल घालते आणि माझ्या घरी येते." हे सांगताना तिचा चेहरा असा काही समाधानी होता की मला हेवा वाटला. माझा नवरा रोज संध्याकाळी खरोखरच घरी यायचा आणि आमच्याकडे बोलायला काही नसायचं.

आता ते लिहिते. सात वर्षांपूर्वी केतकीचं लग्न ठरलं. मंगलाष्टकं विजूमावशीनंच लिहायची आणि विजूमावशीनंच म्हणायची, असं केतकीनं पाचवीत असताना ठरवून ठेवलं होतं. विजू महिनाभर आधीपासून उत्साहात. आणि याद्या करायला बसलो असताना आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "लिहू देत की, छान लिहितात. पण माईकवर... म्हणजे बघ बाई, तुझी मुलगी आहे. सवाष्णीच्या तोंडून झालेलं बरं." बस, एवढंच. व्याह्यांकडून कुणी चकार शब्द काढला नव्हता. आमचे हे म्हणाले होते, "असल्या गोष्टींकडे लक्ष देऊ नकोस." पण माझ्याच मनात ते जाऊन बसलं. मी, जी ऑफिसात महिला दिनाला भाषणं ठोकायची, ती विजूकडे गेले आणि खोटं बोलले, की गुरुजींनी वेळ कमी दिलाय, हॉलवाल्याची कटकट आहे, पुतणीला, सानिकाला गाण्याची हौस आहे, तिला म्हणू दे का? विजू म्हणाली, "म्हणू दे की. चाल मी शिकवते तिला." आणि आठवडाभर रोज संध्याकाळी दोन बस बदलून ती सानिकाला चाल शिकवायला आली. एकदा तरी तिनं मला शिव्या घालायला हव्या होत्या.

केतकीला माझ्या सासूबाईंनी वाढवलं. मी नोकरीला, त्यामुळे तिचं जेवण, झोपणं, रुसणं सगळं आजीच्या पदराखाली. सासूबाई लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या. विजूनं त्यांच्यावर ओळ केली होती: आजीच्या पदरातली उब तुला लाभो नव्याही घरी. अंतरपाट धरलेला, लोक अक्षता घेऊन उभे. सानिका "आजीच्या पदरातली" पर्यंत आली आणि अडली. कागद हातात होता, पण पोरीला आजी आठवली की काय, आवाजच फुटेना. तेव्हा चौथ्या रांगेतून, माईक नाही काही नाही, विजूचा आवाज आला, "उब तुला लाभो..." माना वळायला लागल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी विजूकडे बघून डोळे वटारले. हाताचा तळवा असा खाली दाबून दाखवला, लहान पोराला गप्प करतात तसा. ती तिथल्या तिथे थांबली. सानिका गोंधळून पुढच्या ओळीवर गेली. ती ओळ अर्धीच राहिली.

जेवणं झाल्यावर विजू निरोप घ्यायला आली. मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, "सानिकाला सांग, बारा अक्षरांवर थांबायचं असतं. ती आठवर थांबली." आणि गेली. त्या दिवशी ती लाडू मागायला विसरली, की तिनं मागितला नाही, ते मला कळलं नाही. मी पाठवलाही नाही. त्यानंतर लोकांनी मंगलाष्टकं मागितली की ती "आता होत नाही" म्हणायला लागली. मी सगळ्यांना सांगायची, वय झालं तिचं. वय कसलं? ज्या एका गोष्टीच्या आधारानं ती इतकी वर्षं उभी होती, ती मी भर मांडवात तिच्या हातातून काढून घेतली होती. फोनवर एकदा मी सुरुवात केली होती, "विजू, त्या दिवशी लग्नात मी..." तर म्हणाली, "शैले, दूध उतू जातंय, ठेवते." आणि मी देवाचे आभार मानले. दूध खरंच उतू जात होतं का, हे मी पुन्हा फोन करून विचारू शकले असते. पुढे केतकीचं बिनसलं तेव्हा एक वेडगळ विचार मनात घर करून बसला, की ती ओळ पुरी झाली असती तर? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण नाही म्हणावं, तर विजूला गप्प केलं ते कसल्या विश्वासापोटी?

आमची शेवटची भेट ती जाण्याच्या दोन महिने आधीची. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी शनिवार पेठेत गेले होते. तिच्या खोलीत बसले, पाणी प्यायले. तिनं विचारलं, "केतकी कशी आहे गं?" आणि मी म्हटलं, "मजेत. परवाच दोघं केरळला जाऊन आली." कुठून सुचलं केरळ, देव जाणे. विजू "असं होय..." म्हणाली. "बस. चहा ठेवते." आलं घालून चहा केला, बरोबर चकली दिली. मी चकली खाल्ली आणि घरी आले.

दिवस झाल्यावर तिची खोली आवरायला लता, मी आणि केतकी अशा तिघी गेलो. मी केतकीला बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. मी चहाचा डबा शोधत होते तर केतकीनं न बघता फळीवरच्या तांदळाच्या डब्यामागून तो काढून दिला. मला जरा चमकल्यासारखं झालं. हिला कसं माहीत? तेवढ्यात लतानं कपाटातून वह्यांचा गठ्ठा काढला. ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांना दोरा घालून विजूनं शिवलेल्या वह्या. वरच्या दोन-तीन माझ्या ओळखीच्या नव्हत्या. मी उघडल्या. मंगलाष्टकंच होती. केतकीच्या लग्नानंतरची, सात वर्षांतली. पण लग्नाचं एकही नाही.

"तुम्हाला बोलल्या नाहीत?" लतानं विचारलं. मग तीच सांगायला लागली. तिनं कर्ज न काढता केंद्र सुरू केलं तेव्हा विजूनं तिच्यासाठी मंगलाष्टक केलं. कोपऱ्यावरचे वॉचमन पन्नाशीत दहावी पास झाले, त्यांचं केलं. वरच्या मजल्यावरची बाई शेवटची केमो संपवून घरी आली, तिचं. कुणी चाळिशीत पहिल्यांदा एकटी राहायला निघाली, तिचं. "ज्यांच्यावर कुणी अक्षता टाकत नाही ना, ती माणसं शोधून काढायच्या ताई. आम्ही आपले सगळे गोळा व्हायचो इथेच. अंतरपाट म्हणून ताईंचा टॉवेल. मी म्हटलं, ताई, पलीकडे तर कुणीच नाही, मग धरायचा कशाला? तर म्हणाल्या, आता जे पुढे येणार आहे ते पलीकडे उभं आहे असं समज. आणि स्वतः म्हणायच्या हो, खणखणीत. माईक लागतोय कशाला!" लता हसत होती, डोळे पुसत होती. "केतकीच्या वेळी तर इतकं..." आणि तिनं जीभ चावली.

मी केतकीकडे बघितलं. ती खाली मान घालून वह्यांची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "आई, मी मावशीला सगळं आधीच सांगितलं होतं. तुला सांगितलं त्याच्याही आधी." म्हणजे केरळच्या वेळी विजूला सगळं ठाऊक होतं. माझ्या खोट्यावर तिनं मला चकली वाढली होती. जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात ते काय असतं, मला त्या खोलीत कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की विजूचं मी काढून घेतलं. तिनं ते कधीच परत उभं केलं होतं, माझ्याशिवाय. तिच्या दुखण्यावर तिनं औषध शोधलं, ते गल्लीभर वाटलं, माझ्या मुलीला दिलं. आणि या सगळ्यात ज्या एका माणसाला बोलवावं असं कुणाला वाटलं नाही, ती मी. "मला का नाही गं बोलावलंस?" मी विचारलं. केतकी म्हणाली, "मी म्हटलं होतं मावशीला. ती म्हणाली, राहू दे इतक्यात. ओढून आणलेली माणसं अक्षता फार जोरात मारतात." विजूच्याच तोंडचं वाक्य ते, दुसरं कुणी असं बोलूच शकत नाही.

गेल्या रविवारी मी हडपसरला गेले. कुणी ओढून नेलं नाही. रिक्षा केली, चौथा मजला, लिफ्ट चालू होती. सोसायटीत शेजारणीनं विचारलं, "कुठे निघालात?" तेव्हा मी म्हटलं, "केतकीकडे. तिचा घटस्फोट झाला, आता एकटी असते ती, घर बघायला चाललेय." शेजारीण "अगं बाई" म्हणाली. मला वाटलं होतं तितकं काही आभाळ कोसळलं नाही. केतकीनं दार उघडलं आणि गॅसवर काही ठेवलं होतं म्हणून आत पळाली. दाराच्या आतल्या बाजूला, किल्ल्या अडकवायच्या जागेवर, एक पाठकोरा कागद चिकटवलेला होता. विजूचं अक्षर. या घरात शिरतानाचं मंगलाष्टक, चार ओळी. पहिलीत केतकीची नोकरी होती, दुसरीत खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड, चौथी नेहमीची, सदा मंगलम् वाली. मी तिसरी ओळ वाचली. एकोणीसच्या एकोणीस अक्षरं, बाराव्यावर स्वल्पविराम.

आईला बघ लागतो उशिर ती, येईल दारी तुझ्या.

आतून केतकीचा आवाज आला, "आई, अगं आत ये ना. दारात काय उभी राहिलीस?"